जीबी कोणता, हाली की कलदार?

नांदेडच्या मोंढ्यात आडत असलेले आमच्या ओळखीचे एक काका परवा हार्ड डिस्कचा खोका घेऊन माझ्याकडे आले. खोक्यावर ठळक अक्षरांत १ टीबी. डिस्क लॅपटॉपला जोडली की पडद्यावर ९३१ जीबी. काकांचं सगळं आयुष्य काट्यासमोर गेलेलं. चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, "सर, हजार म्हणून घेतली आन् नऊशे एकतीसच भरायली. एकोणसत्तर जीबीचा कडता कुनी मारला?"

मी उलट विचारलं, "काका, तुमच्या घरी कधी हाली-कलदार ऐकलं होतं का?"

काका हसले. "आमचा आजा उधारीच्या वहीत दोन्ही लिहायचा की."

मग पुढचं सांगणं सोपं झालं. निजामाच्या राज्यात नांदेड-लातूरकडे चालायचा तो हाली शिक्क्याचा रुपया. सरहद्दीपलीकडे, ब्रिटिश मुलखात चालायचा तो कलदार. लोक दोघांनाही रुपयाच म्हणत, मोल मात्र वेगळं. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. लातूरचा माल छोट्या रेल्वेनं बार्शीला उतरला की रुपया बदलायचा. त्यामुळे सौद्याच्या आधी पहिला प्रश्न असायचा, "हाली की कलदार?" हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, हाली रुपया १९५९ मध्ये चलनातून गेला आणि तो प्रश्नही विसरला गेला.

आज तो पुन्हा विचारायची वेळ आली आहे, कारण जीबीही दोन आहेत. खोक्यावरचा जीबी हलका, विंडोज लॅपटॉपमधला जीबी भारी. काकांच्या डिस्कमधला एक बाइटही कुणी काढलेला नव्हता. खोक्यानं हालीत सांगितलं, लॅपटॉपनं कलदारात मोजलं. या लेखापुरती मी हीच दोन नावं वापरतो, कारण ती आपल्या मातीतली आहेत आणि लक्षात राहतात.

आधी पायऱ्या मोजू

सगळ्यांत लहान एकक बिट. दिवा लागलेला किंवा विझलेला, होय किंवा नाही, एवढीच माहिती त्यात मावते. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या प्रसिद्ध लेखात हा शब्द छापून आला. त्यांचे सहकारी जॉन ट्युकी यांनी तो सुचवला होता. आठ बिटांचा एक बाइट. पुढे केबी, एमबी, जीबी, टीबी. प्रत्येक पायरीला मागच्याच्या सुमारे हजारपट.

आपल्या मोजणीत सांगायचं तर केबी म्हणजे हजार बाइट, एमबी म्हणजे दहा लाख, जीबी म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज, आणि टीबी म्हणजे एक लाख कोटी. लाख-कोटीची सवय असलेल्या माणसाला ही शिडी अवघड नाही. वर चढताना भागायचं, खाली उतरताना गुणायचं. लहान एककात आकडा मोठा होतो, मोठ्या एककात लहान होतो. क्विंटलचे किलो करताना शंभरनं गुणतो, किलोचे क्विंटल करताना भागतो, तेच इथं. गडबडीत गुणायचं की भागायचं याचा गोंधळ झाला, तर उत्तराकडे एकदा बघा. ५ जीबीचे ०.००५ एमबी आले, तर पाच क्विंटल सोयाबीन मुठीत मावल्यासारखं झालं. गणित उलटं पडलंय.

बाइटचा अंदाज यावा म्हणून आपल्याच गावाचं नाव घ्या. रोमन लिपीत 'नांदेड' लिहायला सहा अक्षरं लागतात, म्हणजे सहा बाइट. देवनागरीत न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड अशी सहा चिन्हं होतात; पण आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणून मराठीतलं 'नांदेड' १८ बाइटांचं आणि 'लातूर' १५ बाइटांचं.

साध्या एसएमएसचं कोडंही इथंच सुटतं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला तिथं सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. मराठी चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून ७० चिन्हांतच संदेश भरतो. लग्नाचं निमंत्रण मराठीत पाठवलं की एकाचे तीन एसएमएस का होतात, ते आता कळलं असेल.

हजार की एक हजार चोवीस?

संगणकाची स्मृती दोनाच्या पटीत वाढते. एका तारेवर दोन शक्यता, दोन तारांवर चार, तीनवर आठ. असं करत दहा तारा झाल्या की १०२४ घरांचे पत्ते तयार होतात. हजाराच्या इतकं जवळचं हे माप, म्हणून अभियंत्यांनी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. पहिला गोंधळ तिथं झाला.

दुप्पट-दुपटीची मोजणी आपल्याला परकी नाही. जुन्या घरात अजून पितळी मापटं सापडतं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली आणि सोळा पायल्यांचा मण. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला ६४ पैसे. सगळे दोनाचेच पट. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा एका आण्याचे हिशोबानं सव्वासहा पैसे आले आणि दुकानोदुकानी वाद झाले. दोनाच्या पटीतलं माप दहाच्या पटीत बसवायला गेलं की थोडं सांडतंच.

संगणकाच्या जगात हा वाद मिटवण्यासाठी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं नवी नावं दिली. हजाराच्या पटीतला तो गीगाबाइट, १०२४ च्या पटीतला तो गिबीबाइट. तसेच किबीबाइट, मेबीबाइट, टेबीबाइट. नावं चांगली होती, पण बाजारानं फारशी उचलली नाहीत. विंडोज आजही गिबीबाइटमध्ये मोजतं आणि पुढं जीबी लिहितं. ॲपलनं २००९ पासून मॅकवर हजाराची मोजणी घेतली. म्हणून काकांची तीच डिस्क मॅकला जोडली तर पुरी १ टीबी दिसते.

कोण कशात मोजतं, हे एकदा पाठ करून टाका:

हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाच्या खोक्यावरचा आकडा: हाली, हजाराच्या पटीत.
विंडोजमधला फाइलचा आणि ड्राइव्हचा आकडा: कलदार, १०२४ च्या पटीत.
मॅक: हाली.
रॅम: कलदार. ८ जीबी रॅम ही खरोखर आठ कलदारच असते, तिथं फरक काढायचं कारण नाही.
इंटरनेटचा वेग: हजाराच्या पटीत, पण बाइट नव्हे, बिट. त्याकडे पुढं येतो.

ज्यांनी सुरुवातीच्या एमएस-सीआयटीच्या वर्गात फ्लॉपी हाताळली असेल, त्यांच्यासाठी एक गंमत. १.४४ एमबीची फ्लॉपी ना हाली ना कलदार. तिच्यात १४४० गुणिले १०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट मावत. १०२४ चा केबी घेतला आणि त्याचे हजार मिळून एक एमबी केला. अर्धा शेर या मापानं, अर्धा त्या मापानं.

हालीचे कलदार कसे करायचे?

रीत एकच: मधे बाइटवर उतरायचं. शाळेतलं त्रैराशिक आठवा. १ हाली जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट. १ कलदार जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की ०.९३१ येतात. खोक्यावरच्या जीबीला ०.९३१ नं गुणा, विंडोजचा आकडा मिळाला.

पायरी चढत जाल तसा फरक वाढत जातो, कारण दर पायरीला १०२४ चा गुणाकार एकदा जास्त होतो:

केबीला ०.९७७, म्हणजे शेकडा अडीचच्या आत फरक.
एमबीला ०.९५४, शेकडा साडेचारच्या आसपास.
जीबीला ०.९३१, शेकडा सात.
टीबीला ०.९०९, शेकडा नऊ.

बाजारात मिळणाऱ्या मापांसाठी तयार उत्तरं अशी. १६ चे १४.९, ३२ चे २९.८, ६४ चे ५९.६, १२८ चे ११९.२, २५६ चे २३८.४, ५१२ चे ४७६.८, १ टीबीचे ९३१ आणि २ टीबीचे १८६२ जीबी. कंपनी थोडे बाइट जास्त देते किंवा फॉरमॅटमध्ये थोडी जागा जाते, त्यामुळे आकडा जरासा इकडेतिकडे होईल. ६४ च्या पेन ड्राइव्हला ५८ किंवा ५९ दिसलं तर माल बरोबर आहे. ६४ म्हणून घेतलेल्याला २९ दिसलं, तर मात्र दुकानाची पायरी चढा.

तोंडी हिशोब करायचा तर जीबीच्या आकड्यातून शेकडा सात वजा करा. उलट जाताना, म्हणजे कलदारचे हाली करताना, सात नव्हे, साधारण साडेसात टक्के मिळवा. शंभरातून सात गेले की ९३ उरतात. त्यात त्र्याण्णवचे सात टक्के मिळवले तर साडेनव्याण्णवच होतात. व्याजाचा हिशोब करणाऱ्याला हे सांगायला नको.

विंडोजमध्ये खात्री करायची असेल, तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथं बाइटचा लांबलचक आकडा आणि जीबीचा आखूड आकडा शेजारीशेजारी दिसतात. बाइटचा आकडा ना हाली ना कलदार. तो सुट्ट्या नाण्यांसारखा असतो, त्याबद्दल कुणाचाच वाद नाही. तक्रार करायची असेल तर आधी तो वाचा.

फोटो 'केबीत बसवणं'

लातूरच्या उद्योग भवन परिसरात, शिकवण्यांच्या गल्ल्यांत, फॉर्मच्या दिवसांत सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. नीट, सीईटी, शिष्यवृत्ती, वसतिगृह. सगळीकडे फोटो आणि सही चढवायची, आणि प्रत्येक ठिकाणी केबीची अट वेगळी. मी एकदा अशा केंद्रात बसलो होतो. निलंग्याकडून आलेला एक पोरगा मोबाइल पुढं करत म्हणाला, "दादा, फोटो घेईना की ओ. दहा येळा टाकला." फोटो ३.२ एमबीचा, अट २०० केबीची. पोराला दिसत होतं ३.२ आणि २००. त्याच्या मते फोटो लहानच होता.

एकक न वाचता आकडा वाचला की असं होतं. ३.२ एमबीचे केबी करायला १०२४ नं गुणा: सुमारे ३२७७ केबी. म्हणजे अटीच्या सोळापटीहून मोठा फोटो. आता तो सोळापट लहान कसा करायचा?

फोटोचं वजन ठिपक्यांच्या संख्येवर असतं. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा उभा फोटो ३००० गुणिले ४००० ठिपक्यांचा. त्याची रुंदी ६०० आणि उंची ८०० केली, तर दोन्ही बाजू पाचपट कमी झाल्या आणि ठिपके पंचवीसपट. फाइलही साधारण त्याच प्रमाणात उतरते, म्हणजे सव्वाशे-दीडशे केबीच्या घरात येते. अगदी नेमकी नाही, कारण जेपीईजी फाइल चित्रातल्या बारकाव्यांनुसार दबते. पण अंदाज बरोबर बसतो. आधी फोटो कापून फक्त चेहरा ठेवा, मग ठिपके कमी करा, आणि तरीही जड वाटला तर शेवटी क्वालिटी कमी करा. बहुतेक जण आधी क्वालिटीच पाडतात आणि चेहरा पाण्यात पाहिल्यासारखा होतो.

गुणपत्रिका स्कॅन करतानाही हेच. ए-४ कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत ठिपक्याला तीन बाइट धरले तर न दाबलेली फाइल २६ एमबीची. करड्या रंगात एक बाइट पुरतो, म्हणून ८.७ एमबी. डीपीआय १५० केला की दोन्ही बाजू निम्म्या आणि वजन चौथाई. निम्मं केलं की चौथाई, हे सूत्र ध्यानात ठेवा. काळ्या शाईची कागदपत्रं १५० डीपीआयला, करड्या रंगात स्कॅन करून मग दाबली, तर अक्षरं वाचता येतात आणि फाइल अटीत बसते.

आता हाली-कलदारचा खरा उपयोग. संकेतस्थळाची २०० केबीची अट हालीत आहे की कलदारात, हे तुम्हाला दिसत नाही. हालीत असेल तर मर्यादा २,००,००० बाइटची. ती विंडोजमध्ये १९५ केबी दिसते. तुमची फाइल विंडोजमध्ये १९८ दिसत असेल, तर तुमच्या मते ती अटीत आहे आणि संकेतस्थळाच्या मते बाहेर. पोरं अशा वेळी नेटला शिव्या घालत बसतात. सरळ उपाय म्हणजे अटीच्या शेकडा पाच खाली राहायचं. २०० ला १९०, १०० ला ९५, ५० ला ४७, २ एमबीला १.९. दोन्ही मापांत फाइल पास होते. अटीत खालची मर्यादाही असेल, समजा १० केबी, तर फाइल थोडी वर, १२ च्या आसपास ठेवा. फार दाबलेली सहीची फाइल याच कारणानं परत येते.

साठा आणि विसर्ग

गोदावरीला पूर आला की नांदेडच्या वर्तमानपत्रांत विष्णुपुरी धरणाचे दोन आकडे येतात. साठा दलघमीत, विसर्ग क्युसेकमध्ये. धरणात किती पाणी आहे आणि दारातून दर सेकंदाला किती जातंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणालाही कळतं. पण इंटरनेटच्या बाबतीत आपण दोन्हीला 'एमबी' म्हणून मोकळे होतो.

फाइल मोजायची बाइटमध्ये, वेग मोजायचा बिटमध्ये. इंग्रजीत बिटसाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी लिहितात. मराठीत लिहिलं की दोन्हीचं 'एमबी'च होतं आणि खूण पुसली जाते. म्हणून आपण जास्त फसतो. १०० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठानं भागा: सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. डाउनलोडच्या खिडकीत १२ दिसलं की जोडणी देणाऱ्याला फोन करू नका, तो पुरं माप देतोय.

वेळ काढायची रीत अशी. २ जीबीची फाइल, ४० एमबीपीएस वेग. २ जीबी म्हणजे २००० मेगाबाइट, गुणिले ८ म्हणजे १६,००० मेगाबिट. भागिले ४० म्हणजे ४०० सेकंद, पावणेसात मिनिटांच्या आत. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो, कारण वाटेत वेग हलतो.

किती दिवस पुरेल?

वसतिगृहाच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यांसाठी डिस्क घेताना हेच त्रैराशिक कामाला येतं. एक कॅमेरा २ एमबीपीएसनं सतत रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाचे सेकंद ८६,४००. दोननं गुणा, आठानं भागा: २१,६०० मेगाबाइट, म्हणजे रोज २१.६ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे रोज सुमारे १७३ जीबी. १ टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते आणि जुनं पुसलं जायला लागतं. महिन्याची नोंद हवी असेल तर ५१८४ जीबी लागतील, म्हणजे ६ टीबीची डिस्क घ्यावी. कॅमेरा फक्त हालचाल दिसली की टिपतो अशी सोय चालू केली तर गरज बरीच कमी होते. डिस्क घेण्याआधी बसवणाऱ्याला एवढंच विचारा, "एका कॅमेऱ्याचा बिट रेट किती ठेवलाय?"

लग्नाचे फोटोग्राफर हे गणित अनुभवानं शिकतात. सेकंदाला १०० मेगाबिटनं फोर-के चित्रण करायचं, तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट जातात. ६४ जीबीच्या कार्डाला ६४,००० भागिले १२.५, म्हणजे ५१२० सेकंद, ८५ मिनिटं. आपल्याकडचा मुहूर्त बाराचा, वरात देवळापासून निघणार सव्वाबाराला आणि मंगलाष्टकं लागणार दीडला. वरातीच्या नाचापासून कॅमेरा चालू ठेवला, तर अंतरपाट दूर व्हायच्या वेळेला कार्ड भरलेलं असतं. दुसरं कार्ड खिशात असू द्या.

जागा आहे, तरी जागा नाही

लातूरकराला मृतसाठा शिकवावा लागत नाही. मांजरा धरणाची क्षमता सुमारे २२४ दलघमी. त्यातला उपयुक्त साठा सुमारे १७७ आणि मृतसाठा ४७. धरणाचा आकडा मोठा असतो, नळाला येतं ते उपयुक्त साठ्यातलंच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा हा फरक घराघरात कळला. मोबाइलचंही तसंच. ६४ जीबीच्या फोनमध्ये सिस्टीम आणि आधीच भरलेली ॲप्स मोठा वाटा घेऊन बसलेली असतात. तो मृतसाठा. फोन घेताना खोक्यावरचा आकडा बघू नका, दुकानातला चालू फोन हातात घेऊन सेटिंगमध्ये मोकळी जागा किती दिसते ते बघा.

आणखी दोन अडचणी नेहमी येतात. पहिली: ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा आहे आणि तरीही ५ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ त्यात जात नाही, फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो. कारण तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. आतला माल दुसरीकडे उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, म्हणून आधी उतरवणं विसरू नका.

दुसरी अडचण बारीक फाइलींची. साठवणीची जागा खणाखणांची असते आणि एका खणात एकाच फाइलीचा माल राहतो. एक्सफॅटच्या मोठ्या पेन ड्राइव्हवर हा खण बहुधा १२८ केबीचा असतो. सेवा केंद्रानं २० केबीचे दहा हजार फोटो त्यावर टाकले, तर माल सुमारे दोनशे एमबीचा, पण जागा जाते सव्वा जीबी. पोत्यात एक पायली ज्वारी भरली तरी पोतं थप्पीत पुरी जागा अडवतं, तसं. अशा फाइली एका झिप फाइलीत बांधून ठेवल्या की जागा वाचते आणि कॉपीही लवकर होते.

खोटं माप ओळखा

एकाच मालाची दोन मापं असणं वेगळं, आणि मापच खोटं असणं वेगळं. २ टीबीचा पेन ड्राइव्ह शे-पाचशे रुपयांत कुणी देत असेल, तर समजून घ्या. आतली चिप बऱ्याचदा १६ किंवा ३२ जीबीची असते आणि तिच्या नियंत्रकाला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. लॅपटॉपला जोडला की १.८१ टीबी दिसतं. हाली-कलदारचा हिशोबही बरोबर जुळतो आणि माणूस निश्चिंत होतो. चिप भरेपर्यंत फाइली नीट जातात. पुढच्या फाइलींची नावं दिसतात, पण उघडायला गेलं की काही नसतं.

यावर एकच परीक्षा: काठोकाठ भरून परत वाचून बघणं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफथ्री ही फुकट साधनं हेच काम करतात. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. नवीन पेन ड्राइव्हवर घरातल्या लग्नाचे एकुलते एक फोटो टाकण्याआधी ही परीक्षा घ्या. परताव्याची मुदत संपायच्या आत घेतली तर पैसेही परत मिळतात.

एवढं लक्षात ठेवलं तरी रोजचं भागतं: खोक्याच्या जीबीतून शेकडा सात वजा, वेगाला आठानं भाग, अटीच्या शेकडा पाच खाली, आणि फोन हातात घेऊन मोकळी जागा बघितल्याशिवाय त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

काकांनी त्या दिवशी हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं: १ टीबी हाली, ९३१ जीबी कलदार. डिस्क घेऊन गेले. आठवड्यानं त्यांचा फोन. दुकानात नवीन नेट बसवायला एक पोरगा आला होता आणि सेकंदाला शंभर एमबी येतील म्हणत होता.

"मग काय विचारलंत?"

"म्या म्हनलं, शंभर ठीक हाय बाबा. आधी सांग, बिट का बाइट?"